दुसरा अंगठा

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या पोटातल्या गाठीबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चाल, आदिलाबादले जाऊ. वकील पाहू."

मी भाकरी थापत होते. आमच्या घरातलं कोणी तोवर वकिलाची पायरी चढलं नव्हतं. वकील म्हणजे भांडण, एवढंच मला ठाऊक. मी विचारलं, "कोणासोबत भांडण झालं, अक्का?"

"नाई झालं. होऊ नये म्हून जाऊन राह्यलो."

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सगळ्यात मोठे भाऊ, फार लवकर गेले. मागे एकच मुलगी. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. आठ-दहा शब्द बोलायची. त्यातले निम्मे "माय". माझा नवरा सगळ्यांत धाकटा, घरची शेती तोच बघायचा. मधले भाऊ मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. धाकट्या भावाची बायको त्यांच्यासमोर बोलत नाही, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला होते. मधले भासरे सणावाराला गावी यायचे. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या कानावर माझा एक शब्दही पडलेला नव्हता.

जाऊबाईंच्या वाट्याची चार एकर काळी जमीन मावला गावाच्या बाजूला होती, रस्त्याला लागून. कापूस छान यायचा. पण ऐंशीचं दशक संपता संपता त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडू लागले, आणि मधले भासरे आले की जेवताना जमिनीचा विषय काढू लागले. जाऊबाई वाढता वाढता ऐकायच्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय, ते मला नंतर कळलं. आपण गेलो की जमीन विकतील, आणि पोरगी कुठेतरी नेऊन ठेवतील. तिने आपल्या खोलीत, आपल्या अंगणात, आपल्या माणसांत राहावं, आणि तिच्या शेतातलंच तिच्या पोटात जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

वकिलांचं घर जुन्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत कचेरी, मागे बिऱ्हाड. साठीच्या पुढचे गृहस्थ. घराणं मराठीच, कितीतरी पिढ्यांपासून तिथलं. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, म्हणून मराठीत मधूनच उर्दू यायचं. खुंटीला काळा कोट लटकत होता. आम्ही तिघं बाकावर बसलो. माझा नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये जाऊबाई. आतून चहा आला.

वकिलांनी कागद पुढे ओढला. "कोणाविरुद्ध दावा आहे?"

"कोणाच्याच नाई," जाऊबाई म्हणाल्या. "मी मरून राह्यली, तेवढं लिहून घ्या."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, माझ्याकडे लोक बाप मेल्यावर येतात. मरणारं माणूस स्वतः येतं, असं क्वचित."

"मेल्यावर मले इथं यायले बसमंदी कोण बसवून देईन?"

वकील हसले. माझा नवराही हसला, आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला.

मग जाऊबाईंनी सगळं सांगितलं. वकील म्हणाले, "मुलगी वारस आहेच. तुमच्यानंतर जमीन तिचीच. त्याला माझी गरज नाही."

"जमीन तिची होईन. पण पेरन कोण? तिले जेवू कोण घालन?"

"जो तिचा पालक ठरेल तो."

"तेच तर," जाऊबाई म्हणाल्या. "थो मले ठरवू द्या."

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "याला नुसता वसीयतनामा, म्हणजे मृत्युपत्र, लिहून भागणार नाही. जमीन एखाद्याच्या हाती द्यायची, पण त्याची म्हणून नाही. त्याने ती सांभाळायची, आणि जे येईल ते मुलीसाठीच लावायचं. विकायची नाही, स्वतःसाठी वापरायची नाही. इंग्रजीत याला ट्रस्ट म्हणतात. आमच्या जुन्या लोकांचा शब्द आहे अमानत."

"अमानत समजते मले," जाऊबाई म्हणाल्या. "माझं डोरलं, पाटल्या हिच्याच पेटीत हायेत, दहा वर्सं झाले. हिचं नाव लिहा."

वकिलांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "दिरांचं का नको? ते कर्ते आहेत."

"भाऊजी चांगले हायेत. पण त्यायचा भाऊ समोर आला की त्यायच्या तोंडून 'हो दादा'च निंघते. इचारा त्यायले."

"बरोबर हाय, वहिनी," माझा नवरा खाली मान घालून म्हणाला.

"अन् ही?" वकिलांनी विचारलं.

"ही कोणाले हो बी म्हणत नाई अन् नाई बी म्हणत नाई. हिच्याकडून कोणाले काई काढून घेता येत नाई."

सगळे हसले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. वकिलांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला कबूल आहे ना?"

माझ्या तोंडून काही निघालं नाही.

"ती हो म्हणून राह्यली," जाऊबाई म्हणाल्या.

"मला तर ऐकू आलं नाही."

"आमाले येते ऐकू."

उठताना वकिलांनी एक काम सांगितलं. "जमिनीचं मी लिहितो. मुलगी तुम्ही लिहून आणा."

आम्हाला कळेना. ते म्हणाले, "ती काय खाते, कशाला भिते, काय केलं की रडते, काय केलं की गप्प होते. उद्या ही बाईही नसली, तिसऱ्याच कोणाच्या हाती मुलगी गेली, तर त्याला हे कळायला पाहिजे. तो कागद मी वसीयतनाम्याला जोडीन."

त्यानंतरच्या पाच-सहा दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो. जाऊबाई सांगायच्या, मी लिहायची. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा तेलुगूत होती आणि लांब होती, म्हणून सुटली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना बाईने वाचलेलं चालत नसे. वाण्याच्या पुडीचा कागद मी वाचत बसले की जाऊबाई दारात उभ्या राहून लक्ष ठेवायच्या, आणि सासूबाई येताना दिसल्या की मोठ्याने खोकायच्या. त्यांना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. वाचून झालं की विचारायच्या, "काय लिवलं त्यात?" आणि मी सांगायची.

आता त्याच सांगत होत्या आणि मी लिहीत होते. पहिलीच गोष्ट त्यांनी सांगितली, "लिव्ह, दाराले भाईरून कडी लावू नये." लहानपणी एकदा शेतावर जाताना जाऊबाईंनी तिला खोलीत ठेवून कडी लावली होती. परत आल्या तर पोरीची नखं दारावर घासून रक्ताळलेली. तेव्हापासून तिच्या खोलीचं दार कधी लागलं नाही. ती लांब जायची नाही. गोठ्यापर्यंत जायची आणि परत यायची. दार उघडं आहे एवढं दिसलं की तिला पुरायचं.

मी लिहिलं, दाराला बाहेरून कडी लावू नये. मग दुसरं. भाकरी ताकात कुस्करून द्यावी, तिखट नको. केस विंचरताना समोर बसून विंचरावे, मागून हात लावला की दचकते. कापूस वेचायला न्यावं, हळू वेचते, हसू नये. कोणी रडलं की तीही रडते, म्हणून तिच्यासमोर रडू नये.

हे सांगताना जाऊबाईंचा आवाज बदलला, आणि पोरगी गोठ्यापासून आमच्याकडे बघू लागली. जाऊबाई एकदम हसल्या. "पाय, पायलं का? लगेच समजते तिले."

एका दुपारी त्यांनी महिन्याच्या दिवसांबद्दल सांगितलं. पोरीला ते कळत नसे. चार दिवस कोणीतरी सोबत राहावं लागे, कपडे बघावे लागत, धुवावं लागे. मी पेन थांबवलं.

"काऊन थांबली?"

"अक्का, वकील वाचतीन. पुरुष माणूस हायेत."

"वाचू दे. बाकीचं नाई लिवलं तरी चालन, हे लिव्ह. हेच मोठं हाय."

मी ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं, पानाच्या खालच्या कोपऱ्यात.

कागद करायला वकील स्वतः गावी आले, कारण जाऊबाईंना तोवर उठवत नव्हतं. सोबत त्यांचे मुन्शी होते. साक्षीला एक मुन्शी आणि दुसरे आमच्या गावच्या शाळेचे गुरुजी. वकिलांनी कागद तेलुगूत लिहिला होता, तो मराठीत सांगत सांगत वाचला. पोरगी आईच्या पायापाशी बसून शाईच्या डबीकडे बघत होती. जाऊबाईंना उशीला टेकवून बसवलं. मुन्शींनी त्यांचा अंगठा धरून शाईत टेकवला, कागदावर उमटवला. निळा, ओला, थोडा वाकडा. पोरीने टाळी वाजवली.

खाली माझी कबुली होती. ही अमानत मी सांभाळीन, अशी. मुन्शींनी पेन माझ्यापुढे धरलं. "इथं सही करा."

मी पेन घेतलं नाही. शाईच्या डबीकडे हात केला.

"तुम्हाला लिहिता येतं ना, बाई?" वकील म्हणाले. "यादी तुम्हीच लिहिलीय."

मी हात मागे घेतला नाही.

"अवं, कर ना सही," जाऊबाई म्हणाल्या. "चवथी शिकली ना तू. काऊन अशी करून राह्यली?"

तेव्हा मला काय वाटत होतं, ते मी कोणाला समजावून सांगू शकले नसते. वर त्यांचा अंगठा ओला होता. त्याच्याखाली मी नाव-आडनाव लिहून सही करायची, म्हणजे त्या जमिनीवर बसलेल्या असताना मी बाजेवर चढून बसण्यासारखं होतं. सोळा वर्षांत मी त्यांच्याआधी जेवले नव्हते, त्यांच्यापेक्षा उंच जागेवर बसले नव्हते. माझं लिहिणं त्यांनीच जपलं होतं, ते त्यांनाच दाखवू कसं? आता त्या मरणाला टेकलेल्या असताना तर मुळीच नाही. मी मान हलवली आणि अंगठा शाईत बुडवला.

"असू द्या, साहेब," माझा नवरा म्हणाला. "लाजते ते."

वकिलांनी मुन्शींकडे पाहिलं, मुन्शींनी वकिलांकडे. मग मुन्शींनी माझा अंगठा जाऊबाईंच्या अंगठ्याखाली उमटवून घेतला. कागद आदिलाबादच्या नोंदणी कचेरीत नेऊन पक्का करायचा ठरलं होतं. त्यासाठी जाऊबाईंना न्यायचं होतं. ते झालं नाही. पंधरा दिवसांत त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर मधले भासरे अंगणात माझ्या नवऱ्याशी बोलत होते. मी दाराआड होते. ते वाईट बोलत नव्हते. म्हणत होते, "हे पाय, पोरीले तुझ्या बायकोच्या भरवशावर सोडता येत नाई. तिले कोणापुढं उभं राहता येते का? मी पोरीले घेऊन जातो. क्वार्टर हाय, दवाखाना हाय. जमीन विकून पैसा तिच्याच नावानं ब्यांकेत टाकू."

"दादा, वहिनीनं कागद केला हाय."

"कागद मी पाहीन वकिलाकडून. सध्या पोरगी इथं ठेवली तर लोक म्हणतीन, जमिनीसाठी अडकवली."

"हो दादा," माझा नवरा म्हणाला.

जीप आली. मी पोरीचे कपडे गाठोड्यात बांधले. तिला वाटलं, आपण मायकडे चाललोय, कारण माय अशीच जीपमध्ये बसून नागपूरला गेली होती. ती हसत हसत चढली आणि शेजारची जागा हाताने झाडली. भासरे पुढे बसले होते. मी गाठोडं घेऊन जीपला अगदी लागून उभी होते. दाराला कडी लावू नका, एवढं मला सांगायचं होतं. चार शब्द. यादी वकिलांकडे होती, मधल्या जाऊबाई सोबत आल्या नव्हत्या, आणि समोर भासरे होते. मी पदराआडून नवऱ्याला म्हटलं, "दाराचं सांगा ना." तो म्हणाला, "सांगतो," आणि पुढे जाऊन म्हणाला, "दादा, जपून न्या."

जीप गेली.

वकिलांनी खटला घातला. भासऱ्यांनीही वकील केला, तेलुगू माणूस, हुशार. त्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकीकडे माझ्या अक्षरातली चार पानं यादी, दुसरीकडे कबुलीखाली अंगठा. तो म्हणाला, चार पानं लिहिणारी बाई अंगठा का लावेल? अंगठा दुसऱ्याच कोणाचा आहे. हिला यातलं काही माहीत नाही, कागद मागाहून बनवलाय. गुरुजी तोवर वारले होते. मुन्शी वकिलांचाच माणूस, म्हणून त्यांचं म्हणणं हलकं पडलं. माझ्या अंगठ्याचे ठसे घेऊन हैदराबादला पाठवले. तिकडून उत्तर यायला वर्षाच्या वर गेलं, आणि आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं की रेषा झिजल्या आहेत, नक्की सांगता येत नाही. राखेने भांडी घासलेला हात. इतकी वर्षं कापूस वेचलेला. त्याला रेषा कुठून राहणार?

"तुम्ही त्या दिवशी सही केली असती," वकील मला म्हणाले, "तर दोन पेशीत काम संपलं असतं." पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. रागाने नाही म्हणाले. मग म्हणाले, "आता तुम्हालाच सांगावं लागेल. मी तर अजून तुमचा आवाज ऐकलेला नाही, बाई."

पहिल्या वेळी मला उभं केलं तेव्हा भासरे समोरच्या बाकावर होते. माझा पदर आपोआप पुढे आला. विचारलेलं सगळं कळत होतं, पण मी पदर धरून उभी राहिले. जज्जसाहेब दोनदा म्हणाले, मोठ्याने बोला. मी बोललेच नव्हते, तर मोठ्याने काय बोलणार. पुढची तारीख पडली.

त्या काळात माझा नवरा एकदा मंचेरियलला जाऊन आला. म्हणाला, "बरी हाय. जाडी झाली थोडी." मी विचारलं, "भाईर येते का?" तो म्हणाला, "मी गेलो तवा खोलीत होती."

पुढच्या तारखेला भासऱ्यांच्या वकिलाने यादी वाचायला लावली. कोर्टातला एक मराठी येणारा कारकून मोठ्याने वाचत होता, दुसरा जज्जसाहेबांना तेलुगूत सांगत होता. बाकांवर पुरुष बसलेले, कोणी दुसऱ्या खटल्यांचे, कोणी नुसतेच बघायला आलेले. पहिली ओळ वाचली, दाराला बाहेरून कडी लावू नये. भासऱ्यांनी मान वर केली. ते त्या कारकुनाकडे बघत राहिले.

ताक-भाकरी झाली. केस विंचरण्याचं झालं. एकजण हसला. कारकून पान उलटत होता, आणि मला माहीत होतं पुढे कोपऱ्यात काय आहे. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, कारण अक्षर बारीक होतं. "महिन्याच्या..." त्याने सुरुवात केली.

"तेवढं वाचू नका."

कोण बोललं, ते पाहायला माझे वकीलही मागे वळले. जज्जसाहेबांनी कारकुनाकरवी विचारलं, का वाचायचं नाही.

"ते बायकायचं हाय," मी म्हटलं. "तिच्या मायनं सांगतलं अन् मी लिवलं. तिले लाज समजत नाई. आपल्याले तं समजते ना."

कारकुनाने तेलुगूत सांगितलं. जज्जसाहेबांनी कागद हातात मागून घेतला, स्वतःपुढे उलटा करून ठेवला, आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मग सहीच्या जागी अंगठा का?"

"अक्कानं अंगठा लावला होता. मी धाकटी. तिच्या अंगठ्याखाली सही कशी करू?"

कारकून तेलुगूत सांगताना थोडा हसला. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ लिहिलं.

बाहेर आलो तर भासरे पायरीपाशी उभे होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या नवऱ्याशी बोलले, पण मी ऐकावं म्हणून. "एवढं बोलता येत होतं, तर जीपपाशीच सांगायचं होतं. आमाले काय माहीत कडीचं?"

ते खरंच होतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. तोवर पोरीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. वकिलांनी यादी परत दिली, वर कोर्टाचा शिक्का बसलेली. म्हणाले, "ही अमानत आता खरोखर तुमच्याकडे आली." मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना काय सांगावं सुचेना, मग म्हटलं, "चहा चांगला होता." पहिल्या दिवशीचा चहा. ते खूप हसले.

आम्ही बसने मंचेरियलला गेलो. इंद्रवेल्लीला बस थांबली तेव्हा मी तिच्यासाठी पेरू घेतले, मऊ बघून. क्वार्टरच्या मागच्या अंगाला रेल्वेचे रूळ होते आणि पुढच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक. मधल्या जाऊबाईंनी पाणी दिलं, आणि कोणी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "आमी तिले मारलं नाई कधी. उपाशी ठेवलं नाई. पण कडी नसती लावली तर पोरगी रुळावर गेली असती. दोन वेळा गेल्ती. मी एकटी बाई, दिवसभर कुठं कुठं पाहू?" आणि रडू लागल्या. त्यांचं खोटं नव्हतं. मीही त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

त्यांनी कडी काढली. पोरगी भिंतीशी बसली होती. अंगाने जाड, केस बारीक कापलेले. मी समोर बसले, मागून नाही. पेरू दिला. तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. आम्ही दोघी रडत होतो, मधल्या जाऊबाई आणि मी. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पेरू खात राहिली. पूर्वी रडली असती.

रात्र तिथंच काढून दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. तिची खोली मी शेणाने सारवून ठेवली होती. दुपारची वेळ होती. मी दाराची दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत उघडली. अंगण दिसत होतं, गोठा दिसत होता. ताकात भाकरी कुस्करून ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने ताटाला हात लावला नाही. उठली, दोन्ही कवाडं ओढून घेतली, आणि परत जागेवर जाऊन बसली.

मी दार उघडलं. तिने पुन्हा लावलं. मला वाटलं, ऊन लागत असेल. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा ती कण्हल्यासारखा आवाज करू लागली. मी बाहेर जाऊन ओसरीवर बसले. फटीतून दिसत होतं. ती दाराकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर, कशाची तरी वाट बघत. ताट समोर तसंच. संध्याकाळ होत आली. तिने दिवसभर वाटेतल्या पेरूशिवाय काही खाल्लं नव्हतं.

"काय पायजे तिले?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

मला कळलं होतं. पण थोडा वेळ मी उठले नाही. जाऊबाई ज्या जागी बसून सांगायच्या, त्याच जागी मी बसले होते. पहिली ओळ मला न बघता पाठ होती, माझ्याच अक्षरातली. मग उठले आणि बाहेरून दाराला कडी लावली.

कडी वाजली. आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. ती जेवू लागली.